सावेडीतला चार बोटं समुद्र

पहाटे साडेपाच

चायना ग्रास रात्रीच भिजत घातलेलं असतं. सकाळी उठून ते मंद आचेवर ठेवायचं आणि सगळ्या दोऱ्या विरघळेपर्यंत ढवळत राहायचं. एखादी दोरी तशीच राहिली की वडीत तार लागते, आणि अडीच वर्षांचं मूल नेमकी तीच ओढत बसतं. शेजारच्या गॅसवर गोकर्णाची फुलं गरम पाण्यात पडलेली. ही आमच्या कुंपणावरच्या वेलाची. पाच मिनिटांत फुलं पांढुरकी होतात आणि पाणी असं निळं होतं की बाजारातला खायचा रंग त्यापुढे फिका वाटावा. निम्मं पाणी चायना ग्रासमध्ये ओतते, निम्मं बरणीत बाजूला ठेवते. ते साडेदहाला लागेल.

नगरच्या सावेडीत, गुलमोहर रोडच्या एका आतल्या गल्लीत आमचा बालवर्ग आहे. अडीच ते चार वर्षांची मुलं. आज त्यांच्यासाठी एका टबात समुद्र करायचा आहे. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी तो पाहिलेला नाही. समुद्र इथून अडीचशे किलोमीटरवर, घाटाच्या पार खाली, आणि आम्ही साडेसहाशे मीटर उंचीवर, पर्जन्यछायेत.

वड्या ताटात ओतल्या की बाहेरच जमतात, फ्रिज लागत नाही. चायना ग्रास चाळीस अंशांच्या आत आलं की धरतं आणि परत वितळायला त्याला जवळजवळ उकळीची उष्णता लागते. जिलेटिन नगरच्या चैत्रात टेबलावरच पाणी होतं. शिवाय ते जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढतात, आमच्याकडच्या बऱ्याच घरांना ते चालणार नाही. चायना ग्रास मात्र लाल समुद्रशैवालापासून होतं. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका पाण्यात उतरून असलं शैवाल गोळा करतात. म्हणजे या ताटात थरथरतंय ते निळ्या रंगाचं सोंग नाही, समुद्रातून निघालेली वस्तू आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मुलाच्या हातात द्यायची वस्तू शक्यतो खरी असावी.

सकाळी सात

वर्गाच्या मदतनीस मावशी आल्या की वाळू चाळायला बसतात. ही नदीची वाळू आहे, खूप पाण्यांनी धुऊन गच्चीवर कडक उन्हात वाळवलेली. बांधकामावरची क्रश सँड आम्ही घेत नाही, तिची बारीक भुकटी नाकातोंडात जाते.

तांदूळ किंवा साबुदाणा निळा रंगवून टब भरायचा, ही पद्धत सध्या मोबाइलवर फार दिसते. दिसायला छानच असते. पण आमच्या वर्गात ती येणार नाही. मावशी पाथर्डीकडच्या. त्यांच्या आईने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले. त्या बाईच्या लेकीने सांडलेला निळा तांदूळ झाडून केराच्या टोपलीत टाकायचा, हे मला बघवणार नाही. चायना ग्रास नि सब्जाही खायचेच की, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण त्यांनी कुणाचं पोट भरत नाही. मी रेघ तिथे मारली आहे.

वाळूनंतर वस्तूंची निवड. टिश्यू पेपरच्या गुंडाळीची आतली पुठ्ठ्याची नळी माझ्या टेबलावर कायम असते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी ठरलेलं माप 31.7 मिलिमीटर व्यासाचं आहे. त्या नळकांड्यात पूर्ण मावणारी वस्तू मुलाच्या घशात अडकू शकते. पुठ्ठ्याची नळी त्याहून थोडी मोठी, म्हणजे माझी परीक्षा जास्त कडक. नळीतून जे खाली पडलं ते टबात जात नाही, मग ते कितीही देखणं असो.

या परीक्षेत कवड्या नापास होतात, आणि मला तर त्या हव्याच असतात. म्हणून त्या खादीच्या जाड पट्टीवर दुहेरी दोऱ्याने टाचून घेतल्या, दातांची फट वर येईल अशा. बोट त्या फटीवरून फिरलं की करकर लागते. पालथी बाजू मात्र काचेसारखी गुळगुळीत. कवडी आमच्याकडे नवी नाहीच. बुऱ्हाणनगरहून देवीची पालखी दसऱ्याला तुळजापूरला जाते, भवानीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. ही कवडी उबदार समुद्रातल्या गोगलगाईचं कवच. देवघरातला शंखही समुद्राचाच, स्वयंपाकघरातलं जाडं मीठही त्याचंच. नगरला समुद्र लांब असेल, पण नगरच्या घरात तो आधीच येऊन बसलेला आहे. आमचं काम त्याला एका टबात गोळा करण्याचं.

सव्वानऊ

दारात चपलांचा ढीग पडला आहे. टब फरशीवर, खाली ताडपत्री. एका बाजूला वाळूचा उतार, दुसरीकडे चार बोटं पाणी. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी हा आमचा स्पंज, दोन करवंट्या या होड्या. सुताराकडच्या उरलेल्या सागवानाचे तळहाताएवढे मासे, पॉलिश पेपरने घासून घेतलेले. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला समुद्रफेन, हातभर लांब नसला तरी वीतभर. आणि एका वाडग्यात फुगलेला सब्जा.

सब्जाची गोष्ट सांगायला हवी. पाण्यात फुगणारे रंगीत प्लॅस्टिकचे मणी सगळीकडे मिळतात आणि पालक हौसेने विचारतात, ते का नको? ते मणी पोटात गेले तर आतड्यातही फुगतात आणि वाट बंद करतात. अमेरिकेत एक बाळ दगावल्यावर डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या ॲमेझॉन, वॉलमार्ट आणि टार्गेट या मोठ्या विक्रेत्यांनी मुलांसाठी म्हणून विकले जाणारे हे मणी बंद करायचं जाहीर केलं. आपल्याकडे ते आजही सहज हाती येतात. सब्जा वीस मिनिटांत तितकाच बुळबुळीत होतो, आणि गिळला तर फालुद्याइतकाच निरुपद्रवी.

टबात पाणी आहे तोवर मावशी तिथून हलत नाहीत, हा नियम. फोन वाजला तरी नाही. लहान मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं.

साडेनऊ

एका वेळी चारच मुलं. बाकीची पलीकडच्या खोलीत ठोकळे आणि गाण्यांत. पाचवं आलं की टबात धक्काबुक्कीचा पूर येतो आणि कुणालाच काही सापडत नाही.

आज मी तोंड उघडायचं नाही, हे मला दरवेळी नव्याने ठरवावं लागतं. 'हा कुठला रंग? हे काय आहे सांग बरं?' असले प्रश्न जिभेवर तयारच असतात. ते विचारले की मूल टबाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागतं.

पिवळ्या फ्रॉकवाली सरळ कोपरापर्यंत हात घालते. तिने चायना ग्रासची वडी उचलली, मुठीत दाबली, बोटांच्या फटींतून निळं बाहेर आलं तशी दचकली, मग हसली आणि दुसरी उचलली. तिच्या शेजारच्याने समुद्रफेन नखाने खरवडून पाहिला. त्याची पांढरी भुकटी नखात बसली. पाण्यात टाकला तर तो तरंगला. दाबून तळाशी नेला, सोडला, पुन्हा वर. हे त्याने इतक्यांदा केलं की मावशी माझ्याकडे बघून हसल्या. समुद्रफेन म्हणजे माकुळाच्या जातीतल्या प्राण्याचं पाठीतलं कवच. त्यात पोकळ कप्पे असतात आणि त्यांतली हवा-पाणी कमी-जास्त करून तो प्राणी खोलीवर तोल सांभाळतो. साडेतीन वर्षांच्या या मुलाला ते मी सांगणार नाही. पण जे त्याच्या हाताने आज ढकलून पाहिलं, ते पुढे कधीतरी पुस्तकात भेटेल तेव्हा त्याला ओळखीचं वाटेल.

'ताई, हे बघतंय माझ्याकडे,' तिसरी म्हणाली. तिच्या तळव्यावर सब्जाचे दाणे, प्रत्येकात एक काळा ठिपका. चौघंही वाकली. खरंच, डोळेच डोळे.

चौथा हात मागे बांधून उभा होता. ओलं, चिकट काही अंगाला लागलेलं त्याला सोसत नाही. भाताचं शीतही तो झटकून टाकतो. अशा मुलाचा हात धरून पाण्यात घालणं हा मला अत्याचार वाटतो. त्याला मी लांब दांड्याची पळी दिली. तो पळीने करवंटीत पाणी भरत राहिला, करवंटी हळूहळू खाली बसायला लागली, आणि घाईत पळी हातातून निसटून पाण्यात पडली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत होता. मग खिशातून रुमाल काढला, बोटांवर गुंडाळला आणि दांडा धरून पळी वर काढली. रुमाल भिजलाच. तो झटकला, घडी करून पुन्हा खिशात. आणि पुन्हा पाणी भरायला सुरुवात.

साडेदहा

आता बरणीतलं निळं पाणी पसरट वाडग्यात आणि प्रत्येकाला लिंबाची एक फोड. पिळलं की निळ्याचं जांभळं होतं, आणखी पिळलं की गुलाबी. गोकर्णाचा रंग पाणी किती आंबट आहे त्याप्रमाणे बदलतो. खायचा सोडा चिमूटभर घातला तर हिरव्याकडे झुकतो. 'समुद्र जांभूळ झाला!' ही बातमी दुसऱ्या खोलीपर्यंत गेली आणि तिकडचे ठोकळे तसेच टाकून सगळी फौज दारात.

मीठ टबात घालत नाही. लहान मुलाने ते पाणी प्यायलं तर मीठ अंगावर येतं, आणि खरचटलेला गुडघा झोंबतो तो वेगळाच. वाटीत जाड्या मिठाचे खडे ठेवतो. एक खडा बोटाला लावून चाटायचा, बस्स.

साडेअकरा

आवराआवर हा समुद्राचाच भाग आहे, मुलंही करतात. वड्यांचा चुरा आणि सब्जा खताच्या खड्ड्यात. वाळू गाळून गच्चीवर. पाणी मग्याने जास्वंदीला आणि कढीपत्त्याला. टबात मीठ नको, याचं हे आणखी एक कारण. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात पाण्याचा खेळ मांडायचा, तर त्या पाण्याला दुसरा मुक्काम हवाच. हे पाणी येतं मुळा धरणातून, ज्याच्या जलाशयाला ज्ञानेश्वर सागर म्हणतात. आमच्या मुलांना सागर रोज नळातून भेटतो.

बारा

एका मुलीच्या आजी न्यायला आल्या. ओला फ्रॉक बघून म्हणाल्या, 'मॅडम, आज काय शिकवलं मग?'

'आजी, आज समुद्र केला होता. या ना, बघा.'

त्यांनी टेकत टेकत टबापर्यंत येऊन कवड्यांची पट्टी उचलली. अंगठा फटींवरून फिरवला. 'आम्ही सारीपाट खेळायचो यांच्यावर. उताण्या किती पडल्या ते मोजायचं. मोजणं मी तिथंच शिकले, शाळेत नाही.' नातीला त्यांनी तिथेच बसवलं आणि दाखवायला लागल्या. मी मध्ये पडले नाही.

दुपारी तीन

जेवण आणि थोडी पाठ टेकल्यावर नोंदवही. प्रत्येक मुलाविषयी दोन ओळी: काय हातात घेतलं, काय सोडलं, कोणता शब्द आपणहून आला. गार, गिळगिळीत, खरखरीत हे आज तिघांच्या तोंडून मी न विचारता आले.

असं हाताळून शिकणं हे काही बाहेरून आलेलं फॅड नाही, हे मी पालकांना पुन्हा पुन्हा सांगते. ताराबाई मोडक 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, अगदी समुद्रकाठी. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांच्यावरच मुलांच्या ज्ञानेंद्रियांचं शिक्षण उभं केलं. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आपल्या राज्याने बालशिक्षणात देशाला दिलेली ही मोठी गोष्ट आहे, आणि आपण तीच विसरून इंग्रजी नावाच्या तयार पेट्या हजारोंनी विकत घेतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाच

जवळच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या सेविकाताई आल्या. त्यांना टब नको, त्यांच्याकडे घमेलं आहे. कवड्यांची पट्टी कशी टाचली ते त्यांनी उलटीपालटी करून पाहिलं, घोसाळ्याच्या दोन जाळ्या पिशवीत घातल्या. बोलता बोलता नगरच्या भिस्तबाग महालाचा विषय निघाला. निजामशाहीत तो महाल पाण्याने वेढलेला होता, आणि त्याच राज्याचं स्वतःचं बंदर होतं चौलला. 1570-71 मध्ये नगरच्या फौजेने तिथे पोर्तुगिजांना वेढा घातला होता. 'म्हणजे नगरला समुद्र होता की,' त्या म्हणाल्या. होता तर.

रात्री साडेआठ

एका बाबांचा फोन. सुट्टीत दापोलीला जाणार आहेत, वर्गासाठी काय आणू?

'प्रवाळ अजिबात नको,' मी सांगितलं, 'आणि मोठे शंख दुकानातून विकत घेऊ नका. 2001 पासून शंख-शिंपल्यांच्या कितीतरी जाती वन्यजीव कायद्याखाली आल्यात, त्यांची विक्री गुन्हा आहे. किनाऱ्यावरचा जिवंत शिंपला उचलायचा नाही. तुम्ही मासे खाता का?'

'खातो की, ताई.'

'मग जेवायला तिसऱ्या मागवा. टरफलं धुऊन, उन्हात वाळवून आणा. मोठी तेवढीच. कालवांची आणू नका, त्यांच्या कडा कापतात.'

'किती आणू?'

'पिशवीभर. निम्मी अंगणवाडीला द्यायची आहेत.'