टॉप टेनमध्ये खरं कोण?

‘तुमचे ऑल टाइम फेव्हरेट दहा सिनेमे, क्रमाने लिहा.’

कॉलेजच्या फिल्म क्लबच्या फॉर्मवर हा शेवटचा प्रश्न होता. मी तेव्हा एफवायला होते. बाकीचा फॉर्म दोन मिनिटांत भरला आणि इथे येऊन पेन अडलं. शेजारच्या मुलाच्या कागदावर हळूच नजर टाकली, तर त्याने ‘सेव्हन सामुराय’ आणि कसलंसं फ्रेंच नाव लिहिलेलं. झालं! मीही ‘सिटिझन केन’, ‘बायसिकल थीव्ह्ज’, ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’ अशी नावं धडाधड लिहून टाकली. खरं सांगायचं तर त्या दहातले चार पाहिले होते, तीन अर्ध्यात सोडले होते आणि उरलेले तीन फक्त यूट्यूबवरच्या व्हिडिओंमुळे माहीत होते.

मुलाखत घेणाऱ्या सीनिअर ताईने यादी वाचली. “‘पथेर पांचाली’ दुसऱ्या नंबरवर. का गं?” मी ‘रिअलिझम’, ‘ह्युमॅनिझम’ वगैरे शब्द फेकले. तिने शांतपणे विचारलं, “आवडलेला सीन?” मी ट्रेनचा सीन सांगितला. “आणि त्याच्या आधी काय होतं?” मी गप्प. तिने हसून फॉर्म बाजूला ठेवला. क्लबमध्ये घेतलं त्यांनी मला, पण तेव्हा कान कसे तापले होते ते अजून आठवतं.

गेल्या महिन्यात या पानासाठी पुण्यातल्या वेगवेगळ्या कॉलेजांच्या कट्ट्यांवर फिरून मी हाच प्रश्न विचारत होते. म्हटलं, आता फॉर्म माझ्या हातात आहे! पण गंमत म्हणजे बहुतेकांनी तेच केलं, जे मी चार वर्षांपूर्वी केलं होतं. पहिली तीन नावं एकदम भारी. मग जरा चहा झाला, गप्पा रंगल्या की हळूच खरी नावं बाहेर. “तसा ‘अशी ही बनवाबनवी’ मी वीसेक वेळा पाहिलाय. पण तो काय यादीत लिहायचा?” अरे, का नाही लिहायचा?

लेटरबॉक्स्ड या अॅपवर प्रोफाइलला आपले चार आवडते सिनेमे लावता येतात. चारच! त्यामुळे तिथे तर आणखी मारामारी. हॉस्टेलवरच्या एका मित्राने कबूल केलं, की क्लासमधल्या एका मुलीशी बोलणं सुरू झाल्यावर त्याने ‘वेलकम’ काढून ‘बिफोर सनराइज’ लावला. बोलणं पुढे बंद पडलं, ‘बिफोर सनराइज’ मात्र अजून तिथेच आहे. “आता काढला तर कळेल ना तिला,” हे त्याचं स्पष्टीकरण.

थोडक्यात, आपल्या सगळ्यांकडे दोन याद्या असतात. एक लोकांना दाखवायची आणि एक आपली.

मोठ्यांचंही तेच

आपल्याला वाटतं, की तज्ज्ञांची यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तर तसं अजिबात नाही. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरातल्या समीक्षकांना सर्वोत्तम सिनेमे विचारतं. १९५२ मध्ये पहिला आला तो ‘बायसिकल थीव्ह्ज’. तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा होता. १९४१ चा ‘सिटिझन केन’ त्या वेळी पहिल्या दहातही नव्हता. १९६२ मध्ये तो पहिला आला आणि पुढच्या चार याद्यांत, म्हणजे २००२ पर्यंत, तिथून हललाच नाही. २०१२ मध्ये हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ने त्याला खाली खेचलं.

आणि २०२२ मध्ये? शान्ताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘जान दिएलमान’ पहिला. १९७५ चा, तीन तास वीस मिनिटांचा सिनेमा. त्यात एक बाई घरातली कामं करते. बटाटे सोलते, अंथरूण आवरते, भांडी घासते, आणि कॅमेरा शांतपणे बघत राहतो. दहा वर्षांपूर्वीच्या यादीत हा सिनेमा पहिल्या तिसातही नव्हता. दहा वर्षांत सिनेमा बदलला का? छे! मत देणारे बदलले. २०१२ मध्ये साधारण साडेआठशे जणांनी मत दिलं होतं, २०२२ मध्ये सोळाशेहून जास्त जणांनी. नवी माणसं आली आणि एका बाईचं घरकाम त्यांना जगातल्या कुठल्याही थरारापेक्षा मोठं वाटलं.

आणखी एक गोष्ट मला ही स्टोरी करताना कळली. या पोलमध्ये प्रत्येक जण दहा नावं देतो आणि प्रत्येक नावाला एक मत मिळतं. तुमचा पहिला आणि तुमचा दहावा, दोघांची किंमत सारखीच. म्हणजे जो सिनेमा पहिला येतो, तो सगळ्यांचा सगळ्यात लाडका असेलच असं नाही. तो जास्तीत जास्त लोकांच्या यादीत कुठेतरी आहे, एवढंच.

आयएमडीबीचं गणित वेगळं. तिथे सामान्य प्रेक्षक दहापैकी मार्क देतात आणि मतं कमी असतील तर सिनेमाचं रेटिंग सर्वसाधारण सरासरीकडे ओढलं जातं, म्हणजे दोनशे मित्रांनी दहा-दहा मार्क दिले म्हणून कोणी वर जात नाही. तिथे वर्षानुवर्षं पहिला आहे ‘द शॉशँक रिडेम्प्शन’. १९९४ मध्ये थिएटरात तो चालला नव्हता. ऑस्करची सात नामांकनं मिळाली आणि हाती एकही पुतळा आला नाही. लोकांनी तो नंतर घरी, व्हिडिओवर आणि टीव्हीवर पाहिला आणि डोक्यावर घेतला.

आपल्याकडचं उदाहरण हवंय? ‘शोले’. फिल्मफेअरमध्ये त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘दीवार’. ‘शोले’ला किती पुरस्कार मिळाले असतील? एक. संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. बस्स.

एवढं वाचून मला जरा बरं वाटलं. ‘ऑल टाइम’ म्हणजे खरं तर ‘आत्ता, आणि विचारलं कोणाला त्याप्रमाणे’.

आईचा पहिला नंबर

याच ‘विचारलं कोणाला’चा अनुभव मला घरीच आला. रविवारी संध्याकाळी यादीचा विषय निघाला. बाबांनी अर्थातच ‘शोले’ म्हटलं. दादाने ‘सैराट’ आणि ‘इंटरस्टेलर’मध्ये कोण वर यावरून स्वतःशीच वाद घातला. मी फोनवर सगळं टिपून घेत होते. आईला कोणी विचारलंच नाही. मी पण नाही, आणि मी तर याच विषयावर लिहीत होते.

मेथी निवडता निवडता तीच म्हणाली, “माझा पहिला ‘उंबरठा’.”

जब्बार पटेलांचा १९८२ चा सिनेमा. स्मिता पाटील त्यात सुलभा महाजन झाली आहे. स्वतःचं काम करायचं म्हणून ती घर, नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून एका महिला सुधारगृहाची अधीक्षक होते. हे मला अभ्यासामुळे माहीत होतं. आईने तो पाहिलाय हे माहीत नव्हतं.

आई नववीत असताना शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर तिने तो पाहिला. दूरदर्शनवर शनिवारी मराठी सिनेमा असायचा. शेवटचा अर्धा तास राहिला आणि लाइट गेली. “मी आपली समजून चालले, की ती परत येते आणि सगळं नीट होतं,” आई म्हणाली. शेवट तिने पाहिला तो कितीतरी वर्षांनी, लग्नानंतर, एका दुपारी टीव्हीवर लागला तेव्हा. सुलभा परत येते. पण घर पहिलं राहिलेलं नसतं, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. आणि ती पुन्हा निघते.

मधल्या वर्षांत आईच्या बाबतीत एक गोष्ट घडली होती. बीएड झाल्यावर तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाळेत नोकरी मिळत होती. एकटीने खोली घेऊन राहावं लागणार, म्हणून घरचे नको म्हणाले. तीही फार बोलली नाही. हे आम्हा दोघांना माहीतच नव्हतं. बाबांनाही अर्धवटच माहीत होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

“तेव्हा शेवट पाहिला असता तर गेले असते का, काय माहीत,” आई म्हणाली आणि मेथीची जुडी संपवून उठली.

मी बावीस वर्षांची आहे. बावीस वर्षांत मी आईला कधी ‘तुझा आवडता सिनेमा कुठला’ एवढंही विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी आम्ही चौघांनी मिळून ‘उंबरठा’ पाहिला. लाइट गेली नाही.

आणि माझा?

त्यानंतर मी माझी यादी नव्याने लिहायला घेतली. पहिला नंबर लिहायला एक मिनिटही लागला नाही: अविनाश अरुणचा ‘किल्ला’.

२०१५ मध्ये तो थिएटरात आला तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि बाबांच्या बदलीमुळे नुकतीच शाळा बदलली होती. सिनेमातला चिन्मयही पुण्याहून कोकणात आलेला, वडील गेलेले, नव्या मुलांमध्ये जागा शोधणारा. पावसात ती मुलं त्याला किल्ल्यावर एकटं सोडून जातात तेव्हा मी थिएटरात हमसून रडले होते. फॉर्म भरताना मात्र हा सिनेमा मला आठवला नव्हता. किंवा आठवला होता, पण ‘राशोमोन’शेजारी तो लिहायची लाज वाटली.

आता पुन्हा पाहिला. या वेळी चिन्मयपेक्षा जास्त लक्ष त्याच्या आईकडे गेलं. नवं गाव, ऑफिसातली गुंतागुंत, घरी रुसलेलं पोर, आणि सांगायला कोणी नाही. अमृता सुभाषचा तो चेहरा मला बाराव्या वर्षी दिसलाच नव्हता. सिनेमा तोच, नंबरही तोच, पण कारण बदललं. बहुतेक आणखी दहा वर्षांनी पुन्हा बदलेल.

तुमची यादी करताय?

माझ्या चुकांवरून काही गोष्टी सांगते.

न पाहिलेला सिनेमा लिहायचा नाही. कुणीतरी ‘आवडलेला सीन?’ विचारतंच.

‘सर्वोत्तम’ आणि ‘आवडता’ या दोन वेगळ्या याद्या करा. ‘पथेर पांचाली’ मी त्यानंतर नीट, सलग पाहिला. माझ्या सर्वोत्तमच्या यादीत तो आता अभिमानाने आहे. आवडत्यांत अजून पोचायचाय.

नंबर लागत नसतील तर दोन-दोन सिनेमे समोरासमोर ठेवा आणि स्वतःला विचारा, आज रात्री एकच बघता येणार असेल तर कुठला? दहा सिनेमांच्या अशा ४५ जोड्या होतात. एक ट्रेकचा बसप्रवास आरामात निघतो, आणि भांडणंही भरपूर होतात.

यादीखाली तारीख लिहा. पुढच्या वर्षी तुलना करायला मजा येते.

आणि हो, यादी झाली की घरी विचारा. आईला, बाबांना, आजीला. नाव कळलं की तिथेच थांबू नका. ‘का?’ हेही विचारा.