ऐकून घेण्याचे शिक्षण
धार-देवासकडील कचेऱ्यांत व कारखान्यांत माळवी, निमाडी, भिली, हिंदी, उर्दू आणि मराठी बोलणारी माणसे एका छपराखाली काम करतात. त्यांनी एकमेकांशी सन्मानाने वागावे, हे शिकवावे लागते. स्त्रियांच्या छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने मालकांवर कर्मचाऱ्यांसाठी जागृतिवर्ग भरविण्याची जबाबदारी टाकली. २०१६ च्या कायद्याने अपंगांकरिता समान संधीचे धोरण आवश्यक केले.

परंतु वर्गात ऐकलेले कामावर परतताच विसरते. म्हणून प्रत्येकाने महिन्यातून एकदा स्वतःस विचारून लिहावे: मी कोणास ‘आपण’ म्हणालो, कोणास ‘तू’? कोणाचे बोलणे न समजताच मान हलविली? चूक झाली तेव्हा काम पाहिले की जात? हा कागद वरिष्ठांनी मागू नये. मागितल्यास खरे कोणी लिहिणार नाही.

कानडी मातृभाषेचे कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी असता देवासला आले. कानी पडलेली माळवी लोकगीते त्यांनी आपलीशी केली. तीच तयारी आपल्यातही हवी. कुक्षीकडील भिल्ल मजूर खिडकीपाशी अडखळला, तर उणीव त्याच्या बोलण्यात नसून आपल्या ऐकण्यात आहे, असे समजावे.