कमरपट्टा आणि गाव

वॉशिंग्टन शहर सोडून ईशान्येला १२ मैल गेलं, की मेरीलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत एक बुटका, लांबट उंचवटा लागतो. नकाशावर तो चंद्रकोरीसारखा दिसतो. टेकडी म्हणावी एवढी उंची त्याला नाही, पण पाणी वाहून जायला पुरेसा उतार आहे. इथले ओहोळ अनाकोस्टिया नदीला मिळतात आणि ती पुढे पोटोमॅकला. पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू पिकवून इथली माती पार खंगली होती. १९३५ साली सरकारने जमिनी घ्यायला सुरुवात केली तेव्हा निम्म्या शेतांत झाडोरा माजला होता आणि भावही पडलेलेच होते.

या चंद्रकोरीवर वसलेल्या गावाचं नाव ग्रीनबेल्ट. गावांना नावं मिळतात ती माणसावरून, देवावरून, नदीवरून. या गावाला मिळालं ते त्याच्याभोवती राखायच्या मोकळ्या रानावरून. मधे घरं आणि भोवती कधीही न बांधायचा हिरवा कमरपट्टा, अशी मूळ कल्पना होती. पुढच्या वर्षांत गावाने सर्वांत जास्त गमावला तोही हा पट्टाच. त्या गमावण्याकडे केवळ हळहळून पाहता येत नाही, असं हा इतिहास नीट वाचल्यावर मला वाटू लागलं.

महामंदीचे दिवस होते. बेकारांना काम हवं होतं आणि वॉशिंग्टनमध्ये सरकारी खाती वाढत असल्याने कारकुनांना घरं हवी होती. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३५ मध्ये एक नवं खातं काढलं. त्याचं नाव मराठीत आणायचं तर ‘पुनर्वसन प्रशासन’ असं होईल. आपल्याकडे पुनर्वसन म्हटलं की धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावं डोळ्यांपुढे येतात. इथे रोख वेगळा होता. खात्याचे प्रमुख रेक्सफर्ड टगवेल हे कोलंबिया विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ. शहराबाहेर स्वस्त जमीन घ्यायची, तिथे सगळ्या सोयींसकट गाव उभारायचं, माणसं तिकडे हलवायची आणि मग शहरातल्या कोंदट वस्त्या पाडून तिथे बागा करायच्या, असा त्यांचा विचार. एबेनेझर हॉवर्ड या इंग्रज माणसाने १८९८ मध्ये मांडलेली उद्याननगरीची कल्पना आणि न्यू जर्सीत १९२९ मध्ये सुरू झालेला रॅडबर्नचा प्रयोग टगवेल यांच्या मंडळींसमोर होते. रॅडबर्नचे एक शिल्पकार क्लॅरेन्स स्टाइन ग्रीनबेल्टच्या कामात सल्लागारही होते.

अशी तीन गावं प्रत्यक्षात उतरली. मेरीलँडमध्ये ग्रीनबेल्ट, ओहायोत सिनसिनाटीजवळ ग्रीनहिल्स आणि विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकीजवळ ग्रीनडेल. चौथं, न्यू जर्सीतलं ग्रीनब्रुक, १९३६ साली कोर्टात अडकलं आणि कागदावरच राहिलं. त्या न झालेल्या गावाच्या वास्तुरचनाकारांपैकी एक होते अल्बर्ट मेयर. मुंबईकरांनी हे नाव लक्षात ठेवायला हवं. १९४८ मध्ये ना. वि. मोडक आणि मेयर यांनी मिळून बृहन्मुंबईच्या विकासाचा आराखडा मांडला. त्यात मुंबईची गर्दी बाहेर काढण्यासाठी उपनगरांचा आणि जोडगावांचा विचार होता. म्हणजे न्यू जर्सीत जे गाव कोर्टाने उभं राहू दिलं नाही, त्यामागच्या विचाराचा एक धागा ठाण्याच्या खाडीपर्यंत येऊन पोचला.

पण ग्रीनबेल्टकडे परत येऊ, कारण तिथली जमिनीची मांडणी मुळातून पाहण्यासारखी आहे. नगररचनाकार हेल वॉकर यांनी उंचवट्याचा आकार मोडला नाही. क्रेसेंट रोड आणि रिज रोड हे दोन मुख्य रस्ते चंद्रकोरीच्या वळणानेच नेले. त्यांच्यामध्ये मोठमोठे घरसमूह ठेवले, ज्यांच्या पोटातून मोटारींचा रस्ता जात नाही. प्रत्येक घराला दोन तोंडं. एक कामाचं, जिथे मोटार थांबते आणि कचऱ्याची पेटी असते. दुसरं बागेचं, जिथून पायवाट सुटते. या पायवाटा मध्यभागच्या दुकानांकडे, शाळेकडे, पोहण्याच्या तलावाकडे जातात आणि जिथे मोठा रस्ता आडवा येतो तिथे त्याच्या खालून निघतात. पोराला शाळेत धाडताना आईला रस्ता ओलांडण्याची धास्ती नको, एवढ्यासाठी हे भुयारी मार्ग. आजही ते वापरात आहेत. नगररचनेवरचे जाडजूड ग्रंथ एका बाजूला ठेवले तरी चालतील, पण लहान मुलाच्या उंचीवरून गाव पाहण्याची ही नजर कुठल्याही शहराने उचलावी अशी आहे.

वास्तुरचनाकार होते डग्लस एलिंग्टन आणि रेजिनाल्ड वॉड्सवर्थ. शाळेच्या दर्शनी भिंतीवर शिल्पकार लेनोर थॉमस यांनी अमेरिकन राज्यघटनेच्या उद्देशिकेतल्या कल्पना दगडात कोरल्या. न्याय, संरक्षण, लोककल्याण, सगळं श्रमिक माणसांच्या रूपात. गावाचं तळं मात्र यंत्रांनी नाही, मुख्यतः माणसांच्या हातांनी तयार झालं. काम पुरवणं हाच हेतू असल्याने फावडी आणि ढकलगाड्या घेऊन हजारो मजूर इथे राबले. त्यांत गोरे होते तसे काळेही होते.

घरं ८८५ झाली. ५७४ रो-हाऊस, ३०६ फ्लॅट आणि ५ सुटी घरं. अर्ज आले ५ हजारांवर. निवड कसून झाली. वर्षाचं उत्पन्न ८०० ते २,२०० डॉलर हवं, आणि प्रॉटेस्टंट, कॅथलिक, ज्यू यांचं प्रमाण वॉशिंग्टन शहरातल्यासारखं हवं. नवरा कमावता असेल तर बायकोने नोकरी करायची नाही. भाडं महिना १८ ते ४१ डॉलर. घरात विजेची शेगडी आणि फ्रिज. त्या लहान खोल्यांना शोभेल असं फर्निचरही सरकारी कलाकारांनीच आखलेलं, हप्त्यांवर घेता येणारं. दोरीवरचं धुणं दुपारी चारच्या आत काढायचं आणि रविवारी वाळत घालायचंच नाही, असाही दंडक होता.

पहिली कुटुंबं १९३७ च्या शरदात आली. बहुतेक जोडपी तरुण. सगळेच नवखे, त्यामुळे जुना गावकरी कोणीच नव्हता. त्यांनी जे केलं ते मराठी माणसाला लगेच ओळखीचं वाटेल. त्यांनी सोसायट्या काढल्या. किराणा दुकान, औषधाचं दुकान, पेट्रोल पंप, सिनेमागृह, न्हावी, सगळं सहकारी. बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन यांच्या संस्थेने सुरुवातीचं कर्ज दिलं आणि १९४० मध्ये गावकऱ्यांच्या सोसायटीने दुकानं स्वतःच्या ताब्यात घेतली. पतपेढी निघाली, दवाखान्यासाठी सोसायटी निघाली. नोव्हेंबर १९३७ मध्येच गावाचं साप्ताहिक सुरू झालं. त्याचं नावही ‘कोऑपरेटर’. सभा, समित्या आणि मंडळं इतकी वाढली की लोक घरी सापडेनात, तेव्हा नाताळच्या सुमारास सभाबंदी पाळायचं गावाने ठरवलं. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘द सिटी’ हा माहितीपट दाखवला गेला. निवेदनाचा मजकूर लुईस ममफर्ड यांचा, संगीत एरन कोपलंड यांचं. धुराने काळवंडलेल्या शहरांनंतर पडद्यावर जे हिरवं गाव येतं, त्यात ग्रीनबेल्ट आहे.

त्या गावात काळं कुटुंब एकही नव्हतं. ही नजरचूक नव्हती, नियम होता. ज्या काळ्या मजुरांनी तळं खोदलं, रस्ते केले, पाया घातला, त्यांना अर्ज करायचीही मुभा नव्हती. जवळच रॉसव्हिल नावाची, गुलामीतून सुटलेल्या लोकांनी वसवलेली जुनी वस्ती होती. सुरुवातीच्या आराखड्यात काळ्या कुटुंबांसाठी वेगळी घरं बांधण्याचा विचार होता, तो गुंडाळून ठेवला गेला. भिंतीवर राज्यघटनेची उद्देशिका कोरलेल्या शाळेत गोरीच मुलं बसत होती. टगवेल यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच हे टोचतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला संरक्षण खात्यातल्या कामगारांसाठी आणखी हजारेक घरं घाईने उठली. लाकडी, साधी, पहिल्या घरांइतकी देखणी नाहीत. लढाई संपली आणि वारं फिरलं. सरकारने घरमालक असू नये, असं म्हणणारे काँग्रेसमध्ये जोरात आले आणि १९४९ च्या कायद्याने ही गावं विकायचं ठरलं. तेव्हा रहिवाशांनी पुन्हा तेच केलं जे त्यांना येत होतं. त्यांनी गृहनिर्माण सोसायटी काढली आणि १९५२ मध्ये सुमारे १,६०० घरं सरकारकडून विकत घेतली. आजही ही सोसायटी चालते. घर सोसायटीचं आणि त्यात राहण्याचा कायमचा हक्क सभासदाचा, हा व्यवहार मुंबई-पुण्याच्या वाचकाला उलगडून सांगायला नको.

मोकळी जमीनही त्यांनी काही प्रमाणात घेतली होती. पण कर परवडेना, आणि तिचा मोठा भाग बिल्डरांकडे गेला. पट्ट्याचा दक्षिणेकडचा तुकडा राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेल्याने वाचला. उत्तरेला कृषी संशोधन केंद्राची शेतं होती, ती टिकली. उरलेल्यावर रस्ते आले. १९५४ मध्ये बाल्टिमोर-वॉशिंग्टन पार्कवे, १९६४ मध्ये राजधानीला वेढा घालणारा बेल्टवे. या दोन महामार्गांनी गावाचे सरळ तुकडे केले. १९५९ मध्ये शेजारी नासाचं गॉडर्ड केंद्र आलं आणि साठच्या दशकात पश्चिमेला स्प्रिंगहिल लेक ही जवळपास २,९०० फ्लॅटची वसाहत उठली. १९६० ते १९७० या दहा वर्षांत लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली.

याच काळातल्या दोन गोष्टी या गावाचा कणा दाखवतात. पहिली अब्राहम चेसनाउ यांची. नौदलाच्या जलालेखन कार्यालयात वीसहून अधिक वर्षं नोकरी केलेले, गावच्या सहकारी चळवळीतले कार्यकर्ते. १९५३ मध्ये निनावी तक्रारींवरून त्यांना देशाच्या सुरक्षेला धोका ठरवून निलंबित केलं. सहकाराने चालणारं गाव म्हणजे कम्युनिस्टांचा अड्डा, असा संशय तेव्हा सर्रास बोलून दाखवला जात असे. शेजारी त्यांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. पत्रकार अँथनी लुईस यांनी प्रकरण लावून धरलं, १९५४ मध्ये नौदलाने माफी मागून चेसनाउ यांना परत घेतलं, आणि लुईस यांना पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं.

दुसरी गोष्ट साप्ताहिकाची. तोवर त्याचं नाव ‘न्यूज रिव्ह्यू’ झालं होतं. चार्ल्स ब्रेसलर हे बिल्डर आणि विधानसभेचे सदस्य. त्यांच्याकडची एक जमीन शाळेसाठी गावाला हवी होती, आणि त्यांना आपल्या दुसऱ्या जमिनींवर जास्त घरं बांधायची परवानगी हवी होती. १९६५ च्या जाहीर सभांत या देवघेवीला काही गावकरी ‘ब्लॅकमेल’ म्हणाले. साप्ताहिकाने ते जसं बोललं गेलं तसं छापलं. ब्रेसलर यांनी बदनामीचा दावा लावला आणि ज्यूरीने १७,५०० डॉलरची भरपाई ठोठावली. गावकऱ्यांनी फावल्या वेळात चालवलेल्या पत्राला ही रक्कम बुडवू शकली असती. मेरीलँडच्या वरिष्ठ कोर्टानेही ती कायम केली. पत्र थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७० मध्ये न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांच्या निकालपत्राने दावा उलटला. तापलेल्या सभेतला तो शब्द म्हणजे गुन्ह्याचा आरोप नव्हे, तर जोरकस बोलणं आहे, हे वाचणाऱ्या कोणालाही कळेल, असं न्यायालयाने म्हटलं. अमेरिकेत बदनामीच्या खटल्यांत हा निकाल अजूनही पुढे केला जातो. त्याच्या मुळाशी भांडण होतं ते कमरपट्ट्यासारख्याच एका मोकळ्या जमिनीचं. साप्ताहिक आजही निघतं आणि फुकट घरोघर पडतं.

१९९३ मध्ये मेट्रो आली, १९९७ मध्ये जुन्या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. क्रेसेंट रोडवरच्या एका मूळ घरात आता संग्रहालय आहे, तेच हप्त्यांवरचं फर्निचर मांडलेलं.

पण ज्या फ्लॅटच्या वसाहती मोकळ्या रानावर उठल्या, तिथेच भाड्याने का होईना, त्या लोकांना जागा मिळाली ज्यांना १९३७ मध्ये दार बंद होतं. आज सुमारे २५ हजार वस्तीच्या या गावात सर्वांत मोठा समूह आफ्रिकी-अमेरिकन लोकांचा आहे, आणि जुन्या चंद्रकोरीपेक्षा तो महामार्गांपलीकडच्या नव्या भागांत अधिक आहे. पट्टा टिकला असता तर कदाचित गाव देखणं आणि गोरंच राहिलं असतं. रान गेल्याचं दुःख मला होतंच. तरी नकाशावरचा तो हिरवा रंग सगळ्यांसाठी सारखा नव्हता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये गावाने मतपेटीतून एक प्रश्न सोडवला. आफ्रिकी-अमेरिकन आणि मूळ अमेरिकन रहिवाशांना झालेल्या अन्यायाची भरपाई करावी का आणि कशी, याचा अभ्यास करायला २१ जणांचा आयोग नेमावा काय? बहुसंख्यांनी हो म्हटलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्या बांधकामाची सरकारी छायाचित्रं जपून ठेवलेली आहेत, आणि त्यांत राबणारे काळे मजूरही आहेत. त्यांनी खोदलेल्या तळ्याभोवती आता पायवाट आहे, आणि संध्याकाळी तिच्यावरून सगळं गाव फिरतं.