खोक्यातून आलेली सायकल

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या घरी एक खोके आले. चांगले साडेचार फूट लांब. जिन्याच्या वळणावर ते अडकले तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातील दोघांना हाक मारावी लागली. आमची कन्या नुकतीच अकरावीत गेली होती. कॉलेजला जायला तिला सायकल हवी होती, आणि ती तिने फोनवर पाहून, रंग पसंत करून, थेट कंपनीकडून मागवली होती. "बाबा, मध्ये दुकानदार नाही, म्हणून तीन हजार रुपये कमी पडतात," हा तिचा हिशेब. पैसे वाचतात म्हटल्यावर मराठीचा प्राध्यापक सहसा वाद घालीत नाही.

खोक्यात सायकल होती खरी. पण सोबतच्या कागदावर ती 'पंच्याऐंशी टक्के जोडलेली' आहे असे लिहिले होते. उरलेले पंधरा टक्के गिऱ्हाइकाने जोडायचे! धोतराचे पंच्याऐंशी टक्के विकत घेऊन उरलेले घरी विणावे, असा हा व्यवहार आजवर मी कधी केला नव्हता. तरी रविवारी सकाळी बाह्या सावरून बसलो. हँडल बसवले, पुढचे चाक लावले. उजवे पेडल छान फिरत गेले. डावे मात्र जाईना. मी जोर केला. आणखी जोर केला. काहीतरी करकरले आणि पेडल आत गेले, म्हणून सौभाग्यवतींकडे विजयी मुद्रेने पाहिले.

कन्या गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि सायकल हातात धरून परत आली. डावे पेडल तिच्या बुटाबरोबर निघून आले होते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचे एक जुने दुकान आहे. १९९२ साली माझी पहिली सायकल वडिलांनी तेथूनच घेतली होती. त्या वेळी दुकानदारांनी मला सायकलवर बसवले, पाय टेकतात का ते पाहिले आणि सीट दोन बोटे खाली केली. पुढे मी उंच होत गेलो तशी दर सहा महिन्यांनी ती वर केली. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. घ्यायचे असतात हेही आम्हांला कधी सुचले नाही. आता तेथे त्यांचे चिरंजीव बसतात. त्यांच्याकडे न घेतलेली सायकल त्यांच्याच दारात ढकलत नेताना मला जे वाटले, ते सांगण्यासारखे नाही.

ते काही टोचून बोलले नाहीत. आधी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "सर, पुढचा चिमटा उलटा आहे." म्हणजे पुढे झुकलेला असावा तो मागे वळलेला! पेडल निघाले म्हणून बरे; नाहीतर मुलगी तशीच भर रस्त्यात गेली असती. मग पेडल हातात घेऊन त्यांनी डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात हे समजावून दिले. पेडल पायाने फिरता फिरता सुटून येऊ नये म्हणून ती योजना असते. मी डावे पेडलही उजव्यासारखेच फिरवून दाबून बसवले होते, आणि क्रँकचे आटे पार मारले होते. "क्रँक नवी लागेल. पण ह्यांचा माल आमच्याकडे येत नाही. कंपनीला लिहा."

कंपनीला लिहिले. उत्तर तत्काळ आले, आणि इतके गोड की वाचून मलाच अपराध्यासारखे झाले. फोटो पाठवा. पाठवले. दुसऱ्या बाजूने पाठवा. तेही पाठवले. दर वेळी उत्तर देणारे नाव निराळे आणि दर वेळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची. क्रँक यायला एकोणीस दिवस लागले. तेवढ्या अवधीत, मास्तरी खोडीप्रमाणे, या धंद्याविषयी मिळेल ते मी वाचून काढले.

या पद्धतीने सायकली विकून मोठे नाव कमावले ते कॅन्यन या जर्मन कंपनीने. ऱ्हाईन आणि मोझेल या नद्यांच्या संगमावर कोब्लेन्झ नावाचे शहर आहे. तेथला रोमान आर्नोल्ड नावाचा तरुण सायकलच्या शर्यतींत उतरे, आणि त्याचे वडील शर्यतीच्या जागी, गाडीला जोडलेल्या ट्रेलरमधून, इटालीहून आणलेले सुटे भाग विकीत. म्हणजे मूळ धंदा गिऱ्हाइकाच्या शेजारी उभे राहून करण्याचा! १९८५ साली रोमान आणि त्याचा भाऊ फ्रांक यांनी कंपनी काढली. पुढे कॅन्यन या नावाने सायकली निघू लागल्या, आणि त्या दुकानांत न ठेवता सरळ घरपोच पाठवण्याचे ठरले. दुकानदाराचा नफा वाचला, तो किमतीत उतरला.

मला अधिक मौज वाटली ती ह्याची, की दुकानदार गेला तरी दुकानदाराचे काम काही गेले नाही, आणि हे ह्या मंडळींना चांगले ठाऊक होते. गिऱ्हाइकाला बसवून पाहता येत नाही, म्हणून त्याने आपली उंची आणि पायाची आतली लांबी मोजून कळवायची, त्यावरून सायकलचे माप निघते. जोडताना त्याने माझ्यासारखी दांडगाई करू नये, म्हणून खोक्यात एक खास पान्हा येतो. स्क्रूला किती जोर द्यावा हे त्यावरून कळते. (असा पान्हा आमच्या खोक्यात असता, तर हा लेख लिहावा लागला नसता.)

आणि एवढे करूनही एकदा घडी विस्कटलीच. २०१५ च्या अखेरीस कंपनीने नवा कारखाना आणि नवी संगणकव्यवस्था एकाच वेळी सुरू केली. सायकली वेळेवर निघेनात, पैसे भरून बसलेल्यांना उत्तरे मिळेनात. दुकान असते तर दुकानदाराने चार शिव्या खाल्ल्या असत्या, चहा पाजून दोघांना शांत केले असते. येथे मध्ये कोणीच नव्हते. शेवटी रोमान आर्नोल्ड यांना स्वतः पुढे होऊन गिऱ्हाइकांची जाहीर माफी मागावी लागली.

थेट व्यवहाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मार्च २०२१ मध्ये बेल्जममधील ल सामँ या शर्यतीत माथ्यू व्हान डेर पूल ह्या नामांकित सायकलपटूच्या कॅन्यन सायकलचे हँडल शर्यत चालू असतानाच तुटले. तो पडला नाही, हे त्याचे कसब. त्यानंतर कंपनीने त्या जातीच्या सायकली घेतलेल्या लोकांना, आमचे पुढील कळवणे येईपर्यंत सायकल चालवू नका, असे सांगितले. आपली सायकल कोणाच्या घरात आहे हे अशा कंपनीला ठाऊक असते. आमच्या सायकलवाल्यांच्या वहीत गिऱ्हाइकांची नावे असतात ती फक्त उधारीपुरती.

दुसरी कथा अॅमस्टरडॅमची, आणि ती मला जास्त लागली. टाको आणि टीस कार्लिअर या भावांनी २००९ साली व्हॅनमूफ ही कंपनी काढली. मोठी कल्पक माणसे. वाटेत हमालांच्या हातून खोकी आपटून सायकली मोडत, म्हणून ह्यांनी खोक्यावर टेलिव्हिजनचे चित्र छापले! टीव्ही समजून लोक जपून उचलू लागले, आणि मोडतोड सत्तर-ऐंशी टक्क्यांनी कमी झाली, असे कंपनीनेच सांगितले. सायकल चोरीला गेली तर ती शोधायला माणसे पाठवण्याचीही सोय होती. सायकल विजेवर चाले, फोनने उघडे, आणि तिचे पुष्कळसे भाग त्या कंपनीचेच, दुसरीकडे न मिळणारे. म्हणजे बिघाड झाला की जायचे कोठे? कंपनीकडेच. बिघाड फार होऊ लागले, हमीपोटी फुकट दुरुस्त्या करता करता खर्च वाढला, आणि जुलै २०२३ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले.

त्या आठवड्यात तेथील लोकांची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. सायकल आपली, पैसे पूर्ण दिलेले, दारात उभी. पण तिची किल्ली फोनमध्ये आणि फोनचा धागा त्या बुडालेल्या कंपनीशी. ती यंत्रणा बंद पडली तर सायकलचे करायचे काय? अशा वेळी काउबॉय या बेल्जन प्रतिस्पर्धी कंपनीने थोड्याच दिवसांत एक सोय काढून दिली, की ज्याने त्याने आपल्या सायकलची किल्ली आपल्या फोनवर उतरवून ठेवावी. प्रतिस्पर्ध्याने! त्यात जाहिरात नव्हती असे मी म्हणत नाही; पण अडलेल्या माणसाला जाहिरातीतून का होईना, किल्ली मिळाली. ऑगस्टअखेर व्हॅनमूफ विकली गेली, आणि नव्या मालकांनी पहिला निर्णय कोणता जाहीर करावा? विक्रीला आणि दुरुस्तीला ठिकठिकाणचे दुकानदार हाताशी धरण्याचा!

हे मी आमच्या सायकलवाल्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते एका चाकाचा आऊट काढत होते. तार पिळता पिळता म्हणाले, "मग मधल्या काळात तिथल्या दुकानदारांनी काय खाल्लं, सर?" ह्याचे उत्तर मी वाचलेल्या कशातच नव्हते.

विसाव्या दिवशी क्रँक घेऊन गेलो. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते, 'हा भाग जवळच्या कुशल कारागिराकडून बसवून घ्यावा.' मी ती त्यांना वाचून दाखवली. ते हसले. क्रँक बसवली, मग कन्येला सायकलवर बसायला सांगितले, पाय पाहिले आणि सीट दोन बोटे खाली केली. मी पैसे विचारले. क्रँकचे दीडशे म्हणाले; सीटचे काही बोलले नाहीत. ह्या वेळी मीच तीनशे पुढे केले. त्यांनी दीडशे परत दिले.

दसऱ्याच्या दिवशी त्यांच्या दुकानावर नवी पाटी लागली. मजकूर तपासून द्या, असे मला सांगितले होते. पण तपासण्यासारखे त्यात काही नव्हते. 'खोक्यातली सायकल जोडून मिळेल. रु. ३५०.' आणि खाली, जरा बारीक अक्षरात: 'खोके घरी उघडू नये.'