बारीक माणसाच्या रक्तातली वर्दी

पावसाळ्यात मानखुर्द स्टेशनजवळच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये डोकावा. डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्यांच्या जोडीला सीआरपी हमखास असतो. १९३० साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडलेलं हे प्रथिन. अंगात संसर्ग शिरला की दोन दिवसांत शेकडो पटींनी चढतं. तेच प्रथिन ताप नसताना, अगदी चिमूटभर वाढलेलं असताना, हृदयाची खबर देतं!

ही खबर निघते कुठून? २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापून आला. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, दोघेही सडपातळ. पण चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. सदरा ढगळ असला की पोट लपतं, पण इथे तर लपवायला पोटही नव्हतं.

चरबी काही गुपचूप बसत नाही. ती इंटरल्युकिन-६ नावाचा सांगावा रक्तात सोडते. एरवी हा सांगावा रोगप्रतिकारक पेशी धाडतात. यकृताला काय कळणार, कुणी धाडलाय! ते मुकाट सीआरपी बनवायला घेतं. याच जोडगोळीनं १९९९ मध्ये लिहिलं होतं, की दाहाचे असे सांगावे शहरी भारतीयांच्या रक्तात वाढलेले दिसतात, खेड्यातल्यांच्या नाही.

तिकडे धमनीच्या अस्तरात कोलेस्टेरॉल शिरलेलं असतं. पांढऱ्या पेशी ते गिळत सुटतात, गिळून गिळून फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसासारख्या दिसतात. त्यांचा थर साचतो, एक दिवस फुटतो, गुठळी होते. २००४ च्याच ‘इंटरहार्ट’ पाहणीत हृदयविकाराचा पहिला झटका दक्षिण आशियात साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरत्र ५९ च्या आसपास.

सीआरपी यात गुन्हेगार नव्हे, वर्दी देणारा शिपाई. हृदयासाठी ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ची बारीक तपासणी लागते: लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत बरं, ३ च्या वर जोखीम. सर्दीतापात केलीत तर पैसे पाण्यात.

मग ही दाहाची फौजच आवरली तर? २०१७ च्या ‘कँटॉस’ चाचणीत झटका येऊन गेलेल्या, सीआरपी चढलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर ते करून पाहिलं. दाहाचा एक सांगावा अडवणारं इंजेक्शन दिलं. वाईट कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही, तरी पुढचे झटके घटले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान पुन्हा उलटून खात्री केली होती. पुढच्याच ओळींत मेख होती: जीवघेणे संसर्ग वाढले. मानखुर्द-गोवंडीच्या दाटीवाटीच्या खोल्यांत टीबी पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. कित्येकांच्या फुप्फुसांत त्याचे जंतू निपचित पडून असतात, आणि त्यांना तिथे कोंडून धरलेलं असतं ते याच पांढऱ्या पेशींनी.