ठोकळ्यांचा संसार

माइनक्राफ्ट हा संगणकावरील खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आला. त्यात सारे जग एकेक मीटरच्या ठोकळ्यांचे. फोडावे आणि रचावे. गंमत अशी, की घर बांधता येते, पलंगही मिळतो, पण मूळ खेळात साधी खुर्ची नाही! मुले पायरीचा ठोकळा ठेवतात, दोन बाजूंना पाट्या ठोकतात आणि तिला खुर्ची म्हणतात. ही उणीव भरून काढायला इतरांनी जोडभाग केले. 'चिझल्स अँड बिट्स' या जोडभागात एका ठोकळ्याचे १६ × १६ × १६, म्हणजे ४,०९६ कण होतात. पटाशीने नको ते काढावे, दुसऱ्या लाकडाचे कण बसवावे, हवे तसे फडताळ घडवावे. सुताराचेच काम हे. फक्त हात दुखत नाहीत.

आता मानखुर्दला येऊ. लल्लूभाई कंपाउंडमधील पुनर्वसनाची खोली २२५ चौरस फुटांची, म्हणजे खेळाच्या हिशेबाने जमिनीवर जेमतेम २१ ठोकळे. पलंगाला दोन गेले. ओटा, मोरी, संडास, कपाट मांडा आणि पाच माणसे कोठे निजणार ते सांगा! नकाशा वाचता न येणाऱ्या बाईलाही येथे बोट ठेवून 'मोरी इकडे हवी' असे म्हणता येते.

२०१२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेने याच खेळातून देशोदेशींच्या रहिवाशांकडून चौक, मैदाने आखून घेतली. मुंबईतही हा प्रयोग झाला. पण ते सारे सार्वजनिक जागांपुरते. नव्या इमारतीचा पाया खणण्यापूर्वी खोलीही अशीच रहिवाशांपुढे मांडावी, अशी आमची मागणी आहे.