अर्ध्या मिलिमीटरची काच

टीव्ही, लॅपटॉप आणि मोबाइलच्या पडद्यात ज्या काचेवर चित्राचे ठिपके उभे राहतात, ती साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. पडदे बनवणारे कारखाने तिच्या आकारांना पिढ्यांनी ओळखतात. साडेआठव्या पिढीचा तक्ता २,२०० × २,५०० मिलिमीटरचा, तर साडेदहाव्या पिढीचा २,९४० × ३,३७० मिलिमीटरचा. या दुसऱ्या तक्त्याचे क्षेत्रफळ जवळपास दहा चौरस मीटर भरते आणि अर्ध्या मिलिमीटर जाडीला वजन बारा किलोच्या आत राहते. एवढ्या तक्त्यावर पुढे काही मायक्रॉन मापाचे ट्रान्झिस्टर लाखोंनी रचले जातात. त्यासाठी तो सपाट हवा, सगळीकडे सारख्याच जाडीचा हवा, आणि त्याच्या पृष्ठावर ओरखडा किंवा चिकटलेला कण नको. असा तक्ता ओतणे, उचलणे आणि तपासणे ही कामे वेगवेगळ्या विभागांत होत असली, तरी तिन्हींमागची चिंता एकच आहे: पृष्ठाला काहीही लागू न देणे.

या चिंतेचे कारण काचेच्या बळात आहे. रासायनिक बंधांचा हिशेब मांडला तर काच पोलादालाही मागे टाकावी इतकी मजबूत निघते. प्रत्यक्षात ती या हिशेबी बळाच्या शंभराव्या हिश्शातही तुटते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली याचा उलगडा केला. काचेच्या पृष्ठावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, ताण त्यांच्या टोकाशी एकवटतो, आणि एका मर्यादेपलीकडे चीर आपोआप वाढत जाते. धातू अशा वेळी थोडा वाकून ताण जिरवतो. काचेला ते जमत नाही. शिवाय हवेतली आर्द्रता चिरेच्या टोकाशी पोहोचून तिथले बंध हळूहळू तोडत राहते, म्हणून आज टिकलेला तक्ता तेवढ्याच भाराखाली काही दिवसांनी फुटू शकतो.

सपाट काचेचे आजचे मुख्य तंत्र म्हणजे फ्लोट. इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्स येथे अ‍ॅलस्टर पिल्किंग्टन यांनी १९५२ मध्ये त्यावर काम सुरू केले आणि १९५९ मध्ये ते जाहीर झाले. वितळलेल्या कथिलावर वितळलेली काच तरंगत जाते आणि दोन्ही बाजूंनी सपाट होते. खिडकी-दारांसाठी हे तंत्र अजोड आहे. मात्र कथिलावर मोकळी सोडलेली काच पृष्ठताण आणि वजन यांच्या तोलामुळे सहा-सात मिलिमीटर जाडीवर स्थिरावते. पातळ करायची तर कडा दातेरी रोलरांनी धरून ती वेगाने ओढावी लागते. खालच्या बाजूला कथिलाचा अंशही राहतो. फ्लोटने पडद्याची काच बनते, पण तिला नंतर घासून पॉलिश करावे लागते.

पॉलिशशिवाय चालेल अशी काच देणारे तंत्र अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत १९६०च्या दशकात घडले. स्टुअर्ट डॉकर्टी आणि क्लिंट शे या अभियंत्यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. मोटारींच्या समोरच्या काचा बनवणे हा त्या वेळचा हेतू होता. तो व्यवसाय टिकला नाही आणि तंत्र बरीच वर्षे बाजूला पडून राहिले. द्रवस्फटिकी पडदे आले तेव्हा त्याला खरे काम मिळाले. केंटकी राज्यातल्या हॅरॉड्सबर्ग कारखान्यात १९८०च्या दशकात अशी काच निघू लागली.

या तंत्राला फ्यूजन म्हणतात. त्याचे हृदय म्हणजे उच्चतापसह पदार्थाचा, बहुधा झिर्कॉनचा, एक लांब ठोकळा. वरच्या बाजूला तो पन्हळीसारखा कोरलेला असतो आणि खाली दोन्ही बाजू उतरत जाऊन एका धारेत मिळतात. पन्हळीच्या एका टोकाने सुमारे १,२०० अंश सेल्सिअसची काच आत येते, काठोकाठ भरते आणि दोन्ही काठांवरून सारखी ओसंडते. दोन पातळ प्रवाह ठोकळ्याच्या बाजूंवरून उतरतात, धारेपाशी भेटतात आणि एकजीव होऊन एकच तक्ता म्हणून खाली लोंबू लागतात. ठोकळ्याला लागलेले पृष्ठ या मिलनात तक्त्याच्या पोटात जाते. बाहेर राहते ते फक्त हवेला लागलेले पृष्ठ. घट्ट होईपर्यंत त्याला कशाचाच स्पर्श झालेला नसतो. काच उद्योगातल्या सगळ्या कल्पनांमध्ये ही सर्वांत सुंदर आहे, कारण दोष काढून टाकण्याचे कामच तिने वाचवले.

ही सोपी दिसणारी रचना चालवणे मात्र कठीण. पन्हळीच्या दूरच्या टोकालाही जवळच्या टोकाइतकीच काच ओसंडली पाहिजे, म्हणून पन्हळीचा तळ त्या दिशेने उथळ होत जातो आणि संपूर्ण ठोकळ्याचे तापमान काटेकोर राखावे लागते. इतक्या उष्णतेत स्वतःच्याच वजनाने ठोकळा वर्षानुवर्षांत मधोमध किंचित खचतो आणि जाडीचा मेळ बिघडू लागतो. काचेचे मिश्रणही मनासारखे निवडता येत नाही. धारेपाशी काच पुरेशी घट्ट हवी, पण त्या तापमानाला तिच्यात स्फटिक धरता कामा नयेत. खिडकीच्या काचेतला सोडियम इथे चालत नाही, कारण तो काचेतून सरकत जाऊन ट्रान्झिस्टर बिघडवतो. म्हणून अ‍ॅल्युमिना आणि बोरॉन असलेले अल्कलीरहित मिश्रण वापरतात. ते वितळायला अवघड, आणि त्यातले बुडबुडे काढणे त्याहून अवघड. पूर्वी यासाठी आर्सेनिक घालत. कॉर्निंगने २००६ मध्ये बाजारात आणलेल्या ‘ईगल एक्सजी’ या काचेत आर्सेनिक, अँटिमनी आणि बेरियम घातलेले नाहीत.

धारेखाली तक्ता उभाच खाली येतो आणि येता येताच थंड होतो. त्याला ओढणारे रोलर फक्त दोन्ही कडांना धरतात. कडा जाडसर होतात आणि नंतर कापून टाकल्या जातात. ओढीचा वेग वाढवला की तक्ता पातळ होतो. थंड होण्याचा वेग पुढे फार महत्त्वाचा ठरतो. घाईने गोठलेल्या काचेची आतली रचना थोडी सैल राहते, आणि पडद्याच्या कारखान्यात ती पुन्हा तापवली की आवळते. अडीच मीटर लांबीत एक लाखाला एक इतके आकुंचन म्हणजे २५ मायक्रॉन. एकावर एक जुळवायच्या सूक्ष्म नक्ष्यांसाठी एवढा फरक पुष्कळ झाला.

तक्ता वाहता असतानाच कापावा लागतो. कापणारे यंत्र त्याच्याच वेगाने खाली सरकते, चाकाने आडवी रेघ मारते आणि यंत्रहात तक्ता वाकवून त्या रेघेवर मोडतो. इथून पुढे काचेचा खरा धोका सुरू होतो. कापलेली कड म्हणजे ग्रिफिथच्या चिरांची रांगच असते. पृष्ठ कितीही निर्दोष असो, तक्ता बहुधा कडेपासूनच फुटतो. म्हणून कडा हिऱ्याच्या चाकाने घासून गोलसर करतात. तंत्राची कीर्ती फ्यूजनच्या वाट्याला आली असली, तरी पुढच्या कारखान्यात तक्ता जगतो की नाही हे ठरते कडेच्या या कामावर.

कापताना उडालेले काचेचे कण दुसरा त्रास देतात. तक्त्यावर पडलेला कण सुरुवातीला धुऊन निघतो. दमट हवेत काही काळ गेला की तो पृष्ठाला घट्ट चिकटतो आणि मग धुऊन जात नाही. म्हणून कापण्यापासून धुण्यापर्यंतचा वेळ कमीत कमी ठेवतात. तक्ता उचलायला व्हॅक्यूम कप लावायचेच असतील तर ते शक्यतो कडेच्या पट्टीत लावतात, जिथे चित्र येणार नाही. आडवा तक्ता हवेच्या पातळ थरावर तरंगत पुढे सरकतो. टेबलावरून उचलताना त्यावर स्थिर विद्युतभार साचतो. हा भार धूळ ओढतो आणि ट्रान्झिस्टरही जाळू शकतो, म्हणून वाटेत आयनयुक्त हवा सोडणारी उपकरणे असतात. पेटीत दोन तक्त्यांमध्ये घातलेला कागददेखील तपासून घ्यावा लागतो. कागदातला राळेचा अंश किंवा एखादा कठीण कण तक्ता खराब करायला पुरेसा असतो.

तपासणी ठिकठिकाणी होते. जाडी प्रकाशाने मोजतात: पुढच्या आणि मागच्या पृष्ठावरून परतलेल्या किरणांवरून ती कळते, हात लावावा लागत नाही. आतला ताण ध्रुवित प्रकाशात दिसतो. बुडबुडे, न वितळलेले खडे, प्लॅटिनमच्या नळ्यांतून सुटलेले कण, ओरखडे आणि रेघा शोधायला तक्ता ओळीने चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांखालून जातो. तिरपा प्रकाश टाकून पार्श्वभूमी काळी ठेवली की स्वच्छ काच दिसतच नाही. फक्त दोष चमकतात, आणि मायक्रॉनांतला कणही उजळून दिसतो. काचेतली लहर मात्र अशी सापडत नाही. तिच्यासाठी काळ्या-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांच्या फळीसमोर काच धरून पट्ट्या कुठे वाकतात ते पाहण्याची फ्लोट कारखान्यांतली जुनी रीत आहे.

या कामाचे मर्म दोष दिसण्यात नसून त्याची ओळख पटण्यात आहे. चमकलेला ठिपका आतला बुडबुडा आहे की वर बसलेली धूळ? धूळ धुऊन जाईल, बुडबुडा राहील. वर बसला असेल तर तो ट्रान्झिस्टर रचायच्या बाजूला आहे की मागच्या? पहिल्या बाजूला जो दोष अक्षम्य, तो दुसऱ्या बाजूला पुष्कळदा चालून जातो. सगळेच ठिपके नाकारले तर चांगले तक्ते भट्टीत परत जातील, आणि सैल नियम लावले तर दोष कित्येक टप्पे पुढे, महाग झालेल्या पडद्यात उघडा पडेल. म्हणून कॅमेऱ्याने धरलेले संशयित ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहतात, आणि दोषांचा नकाशा भट्टीवरच्या माणसांकडे जातो. एकाच रांगेत वारंवार येणारी रेघ बहुधा ठोकळ्याच्या ठराविक जागेकडे बोट दाखवते. तपासणीचा मोठा उपयोग हाच आहे.

मोबाइलच्या वरच्या काचेची गोष्ट थोडी वेगळी. तिच्यात सोडियम मुद्दाम ठेवतात. सुमारे ४०० अंशांच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवली की सोडियमच्या जागी मोठे पोटॅशियम आयन शिरतात आणि पृष्ठ दाबाखाली येते. चीर उघडण्याआधी हा दाब पार करावा लागतो. कॉर्निंगच्या गोरिला ग्लासचे तत्त्व हेच, आणि २००७ मध्ये पहिल्या आयफोनसाठी ती हॅरॉड्सबर्गमध्येच बनली.

काच अजून पातळ केली तर ती वाकते. वाकल्यावर पृष्ठावर येणारा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो आणि वाकाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात. पाच सेंटिमीटर त्रिज्येला अर्ध्या मिलिमीटरच्या काचेवर साडेतीनशे मेगापास्कलपेक्षा जास्त ताण येतो, एक दशांश मिलिमीटरच्या काचेवर सत्तरच्या थोडा वर. जर्मनीतली शॉट कंपनी प्लॅटिनमच्या फटीतून काच खाली ओढून असे तक्ते बनवते. २०२०च्या गॅलेक्सी झेड फ्लिप या घडीच्या फोनमधली काच सुमारे ३० मायक्रॉनची, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा पातळ होती. घडीच्या काही मिलिमीटर त्रिज्येला ती टिकते ती या पातळपणामुळे आणि रासायनिक बळकटीमुळे. वरून तिला प्लॅस्टिकचा थर द्यावा लागतो, कारण टोकदार वस्तूचा दाब एवढी पातळ काच पेलू शकत नाही.